मेंदूची गव्हाण

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला सोलापुरात जनावरांचा बाजार भरतो. खिलार खोंड घ्यायला आलेला शेतकरी आधी दात बघतो, मग खूर, शिंगं, चाल, आणि शेवटी मालकाला विचारतो, "बडवलाय का न्हाई अजून?" न बडवलेला खोंड औताला बेभरवशाचा. बडवला की तो निवतो, शेजारच्या बैलाच्या अंगावर जात नाही, अंग धरतो. हे ज्ञान आपल्याकडे कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या आधीपासून आहे. त्याहून गंमत भाषेची. या क्रियेला आपला दुसरा शब्द 'खच्ची करणे', आणि तोच आपण माणसाच्या मनाला लावतो. नापास झालेला मुलगा खच्ची होतो, साहेब चारचौघांत बोलला की कारकून खच्ची होतो. वृषणाचा आणि उमेदीचा संबंध मराठीनं एका शब्दात बांधून ठेवला आणि विसरून गेली.

विज्ञानाला तो संबंध कोंबड्यांनी दाखवला. १८४९ मध्ये जर्मनीत ग्योटिंगेनला आर्नोल्ड बर्थोल्डनं कोवळ्या कोंबड्यांची वृषणं काढली. त्यांचा तुरा खुरटला, आरवणं गेलं, भांडण गेलं. काहींच्या पोटात त्यानं वृषण पुन्हा बसवलं, तेही मूळ जागी नव्हे, आतड्यांलगत. तुरा वाढला, कोंबडा आरवू लागला. जुन्या नसा तर तुटलेल्या होत्या, म्हणजे जे काही जात होतं ते रक्तातून जात होतं. त्या 'जे काही'ला नाव मिळायला १९०५ साल उजाडलं. अर्नेस्ट स्टार्लिंगनं 'हॉर्मोन' शब्द वापरला, आपण पुढे 'संप्रेरक' केला. १९२९ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला एडवर्ड डॉइझी आणि ग्योटिंगेनला अडॉल्फ बुटेनांट यांनी एकमेकांपासून वेगळं काम करत गरोदर बायकांच्या लघवीतून पहिलं स्त्रीसंप्रेरक शुद्ध रूपात काढलं.

आणि मग त्यांना 'लैंगिक संप्रेरकं' म्हटलं गेलं. माझी पहिली तक्रार या नावाशी आहे. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन हाडात काम करतात, रक्तवाहिन्यांत करतात, यकृतात करतात, आणि मेंदूत तर फारच करतात. पण नावातच 'लैंगिक' आलं की त्यांचं काम पाळी, गर्भ आणि दाढीमिशा इथे संपतं असं वाटायला लागतं. मुलं झाली, आता यांचं काम काय? या 'काम काय'ची किंमत कुणी मोजली ते पुढे येईलच. आधी मेंदू खातो काय ते सांगते.

माणसाचा मेंदू साधारण १४०० ग्रॅमचा, अंगाच्या वजनाच्या दोन टक्के. पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेतली वीस टक्के तो एकटा घेतो. दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज. आमच्याकडच्या मालदांडी ज्वारीच्या दोन भाकऱ्यांत जेवढा पिष्टाचा भाग असतो, तेवढा जवळजवळ सगळा. साठवण मात्र नाहीच म्हणा. यकृताला आणि स्नायूंना कणगी असते, मेंदूला नसते. तो रोजमजुरीवर जगतो, रक्तातून येईल तसं घेतो आणि जाळतो. पुरवठा काही मिनिटं थांबला तर पेशी मरायला लागतात. त्यामुळे मेंदूच्या बाबतीत पुरवठा आणि चूल यांचा कारभार कोण बघतं, हा बारीकसारीक प्रश्न नव्हे.

सोलापूर जिल्ह्यात राहून ही व्यवस्था समजावताना मला साखर कारखान्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. ट्रॉलीतून आलेला ऊस गव्हाणीत पडतो, तिथून तो आत ओढला जातो, चिरला जातो, पिळला जातो, शेवटी बॉयलर आणि टर्बाइन. यातली एक जागा जरी अडली तरी बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते. मेंदूतही असंच आहे. रक्तातलं ग्लुकोज रक्तवाहिनीच्या भिंतीतून मेंदूत येतं ते ठरावीक दारांतूनच, कारण बाकी भिंत बंद असते. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या दारांचं नाव ग्लूट-१, चेतापेशींवरच्या दारांचं ग्लूट-३. आत आल्याबरोबर हेक्झोकायनेज नावाचं विकर त्या रेणूवर फॉस्फेटचा शिक्का मारतं. शिक्का बसला की रेणू परत बाहेर जाऊ शकत नाही, गव्हाणीत पडलेली मोळी जशी परत ट्रॉलीत जात नाही. पुढे त्याचे तुकडे होतात आणि ते मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या बॉयलरमध्ये जातात. तिथे एटीपी तयार होतो, पेशीची वीज. (उपमा इथे लंगडते हे मला माहीत आहे. कारखाना साखर पोत्यात भरतो आणि चिपाड जाळतो, मेंदू साखरच जाळतो. पण चिपाडाची वेळ मेंदूवरही येते, ते सांगेन.)

आता इस्ट्रोजेन. रॉबर्टा डियाझ ब्रिंटन आणि इतरांनी मुख्यतः उंदरांवर आणि पेशींवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं ते असं की या साखळीतली जवळजवळ प्रत्येक पायरी इस्ट्रोजेनच्या हाताखाली आहे. ते दारांची संख्या वाढवतं. शिक्का मारणाऱ्या विकराचा जोर वाढवतं. ग्लुकोजचे तुकडे मायटोकॉन्ड्रियात शिरताना लागणारं विकर आणि आतली ऊर्जासाखळी यांनाही रेटा देतं. चुलीतून उडणाऱ्या ठिणग्या, म्हणजे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू, आटोक्यात ठेवतं. इस्ट्रोजेन ज्याला चिकटून काम करतं ते ग्राहक दोन प्रकारचे, अल्फा आणि बीटा. बीटाचा शोध १९९६ मधला, आणि तो मायटोकॉन्ड्रियातही सापडला. म्हणजे हा मुकादम कचेरीत बसून हुकूम सोडत नाही, बॉयलरच्या दारात उभा असतो.

प्रोजेस्टेरॉनची गोष्ट गुंतागुंतीची आहे आणि तिला पुढे वेगळं प्रकरण दिलं आहे. इथे एवढंच की त्यापासून मेंदूतच अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनतो, तो चेतापेशींना शांत करतो, आणि बाळंतपणानंतर त्याची पातळी धाडकन खाली येते. त्याचंच औषध म्हणून बनवलेलं रूप २०१९ मध्ये अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मान्य झालं.

हे सगळं वाचून मला जिची आठवण येते ती एक ऊसतोड बाई आहे. माझ्या दवाखान्यात आली तेव्हा छत्तिशीची होती. तिच्या टोळीचा तळ तेव्हा माळशिरस तालुक्यात होता. तक्रार तिनं अशी सांगितली: "बाई, डोक्यात जाळ झाल्यागत व्हतंय. घाम फुटतोय. आन् बोलता बोलता सबूदच हारपतोय." मी ताप बघितला, रक्तदाब बघितला, हिमोग्लोबिन बघितलं. ते कमी होतं, पण शब्द हरवण्याइतकं नाही. मग विचारलं, "पाळी कशी येते गं?" ती म्हणाली, "पिशवी काढलीय की. चार वर्सं झाली."

तिनं ते असं सांगितलं जसं कुणी दाढ काढल्याचं सांगावं. त्या बिनघोरपणानं मला जास्त हलवलं.

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या पाण्यानं या दुष्काळी जिल्ह्याचा रंग बदलला. आज इथे तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, आणि दर हंगामात बीड, नगर, जालना, परभणीकडून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे एका दिवसाचा खाडा म्हणजे अंगावर दंड. पहाटे अंधारात फडात, कमरेत वाकून तोडणी, मग मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणं. राहायला पाचटाची कोपी. मोरीला आडोसा नाही, पाळीच्या कापडाला पाणी नाही. अशा बाईला पांढरं जाऊ लागलं, पोटात दुखू लागलं, तर पाळीच नको असा सल्ला तिला पटायला फार वेळ लागत नाही. २०१९ मध्ये हे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं, तेव्हा राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. सहा जणींत एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शेकडा तीनच्या आसपास येतं.

त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. चर्चा झाली ती गर्भाशयाची, पाळीची, मजुरीची, डॉक्टरांच्या नफ्याची. व्हायलाच हवी होती. मेंदूचं नाव मात्र मला त्या चर्चेत कुठे आढळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तेव्हा घेतलं नव्हतं.

'पिशवी' हा शब्द इथे घात करतो. गर्भाशय काढलं पण अंडाशयं ठेवली तर संप्रेरकं येत राहतात, फक्त पाळी थांबते. तरीही रक्तपुरवठा बदलल्यामुळे ती अंडाशयं काही वर्षं आधी थकण्याची शक्यता असते. अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन काही दिवसांतच तळाला जातं. निसर्गात जो उतार चारपाच वर्षांचा असतो, तो कड्यावरून ढकलल्यासारखा एका आठवड्यात होतो. भारतीय बाईची पाळी तशीही सेहेचाळीस-सत्तेचाळिशीला जाते, पाश्चात्त्य बाईच्या चारपाच वर्षं आधी. तिथून आणखी दहाबारा वर्षं कापली की काय उरतं?

अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या वॉल्टर रोका यांनी २००७ मध्ये जे प्रसिद्ध केलं ते या बाबतीत सगळ्यांत अस्वस्थ करणारं. १९५० ते १९८७ या काळात पाळी जाण्याआधी एक किंवा दोन्ही अंडाशयं काढलेल्या बायकांचा त्यांनी पुढे दशकानुदशकं माग काढला. त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचं किंवा बुद्धी मंदावण्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ दीडपट निघालं. शस्त्रक्रियेचं वय जितकं कोवळं, तितका धोका जास्त. ज्यांना पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन दिलं गेलं, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. कॅनडात बार्बरा शेरविन यांनी त्याआधीच दाखवलं होतं की अशा शस्त्रक्रियेनंतर इस्ट्रोजेन दिलेल्या बायकांची शब्दांची स्मरणशक्ती टिकते, न दिलेल्यांची घसरते. शब्दांची. "सबूदच हारपतोय" हे वाक्य मला तेव्हापासून छळतं.

जिवंत माणसाच्या मेंदूतली चूल बघता येते, हा विसाव्या शतकाचा मोठा पराक्रम. लुई सोकोलॉफ यांची युक्ती साधी होती. शिक्का मारणाऱ्या विकराला फसवायचं. ग्लुकोजसारखा दिसणारा, पण शिक्का बसल्यावर पुढे न जळणारा रेणू द्यायचा, त्याला किरणोत्सारी खूण लावायची, आणि तो कुठे अडकून साठतो ते बघायचं. जिथे भूक जास्त तिथे उजेड जास्त. १९७६ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात माणसाच्या मेंदूचं असं पहिलं चित्र निघालं. त्यासाठीचा पदार्थ न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत बनवून छोट्या विमानानं आणावा लागला, कारण त्याची किरणोत्सारी शक्ती दर एकशेदहा मिनिटांनी निम्मी होते. ऊससुद्धा तोडल्यावर इतक्या घाईनं कारखान्यात न्यावा लागत नाही.

हेच तंत्र वापरून लिसा मॉस्कोनी यांनी २०१७ मध्ये चाळिशी ते साठीच्या निरोगी बायकांचे मेंदू तपासले. पाळी चालू असलेल्या, पाळी जाण्याच्या वाटेवर असलेल्या आणि पाळी गेलेल्या. ग्लुकोजची खपत त्याच क्रमानं उतरत गेलेली दिसली. बायकांची संख्या फार मोठी नव्हती, हे लक्षात ठेवावं. २०२१ मधल्या त्यांच्याच मोठ्या अभ्यासात मात्र असंही दिसलं की पाळी गेल्यानंतर मेंदूच्या काही भागांत रक्तपुरवठा आणि एटीपी वाढतं, म्हणजे मेंदू हात बांधून बसत नाही, दुसरी सोय लावतो. चिपाड पेटवतो म्हणा: यकृताकडून आलेली चरबीची कीटोनं. ब्रिंटन यांच्या उंदरिणींत तर असंही आढळलं की साखरेची वाट मंदावली की मेंदू चेतातंतूंवरच्या चरबीच्या आवरणाकडेही इंधन म्हणून वळतो. घराचे वासे काढून चुलीत घालावेत तसं. बाईच्या मेंदूत हे कितपत होतं ते अजून उलगडायचं आहे. पण त्या उंदरिणीही आपल्यासारख्याच चेतातंतूंवर जगतात.

'डोक्यात जाळ' हा वेगळा धागा, पण त्याच सुताचा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं तापमान ठरवणारी जागा आहे. तिच्या शेजारच्या काही चेतापेशींना इस्ट्रोजेन दाबून ठेवतं. तो दाब गेला की त्या पेशी फुगतात आणि तापमानाच्या जागेला खोट्या वर्द्या पाठवतात: अंग तापलंय, घाम सोड. अ‍ॅरिझोनातल्या नेओमी रान्स यांनी पाळी गेलेल्या बायकांच्या मेंदूत या फुगलेल्या पेशी प्रत्यक्ष दाखवल्या, आणि त्या धाग्यावर चालत २०२३ मध्ये अमेरिकेत बिनसंप्रेरकाचं एक औषध मान्य झालं. पण सोलापूरच्या मे महिन्यात, पारा त्रेचाळीसवर असताना, बाईनं कुठला जाळ उन्हाचा आणि कुठला मेंदूचा हे कसं ओळखायचं? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी उन्हालाच बोल लावतात.

पुरुष वाचकांनी पुस्तक इथे मिटू नये. त्यांच्या मेंदूतही अरोमॅटेज नावाचं विकर टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करत असतं, आणि काही कामं त्या इस्ट्रोजेनवरच चालतात. फक्त त्यांचा उतार लांबलचक असतो, बायकांसारखा कडा नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन औषधानं बंद केलं की मात्र साठसत्तर वर्षांचे आजोबाही रात्री घामानं भिजून उठतात, डोक्यात जाळ झाल्याची तक्रार करतात. अशा एका आजोबांच्या बायकोनं मला हसत सांगितलं होतं, "आता कळू द्या म्हणावं." सेंट लुईसमध्येच २०१९ मध्ये २०५ माणसांच्या मेंदूचा इंधनखर्च मोजून मनू गोयल आणि सहकाऱ्यांनी काढलं की बाईचा मेंदू चयापचयाच्या हिशेबात त्याच वयाच्या पुरुषाच्या मेंदूपेक्षा सुमारे तीनचार वर्षांनी तरुण असतो. हा निष्कर्ष मी मुद्दाम इथे ठेवते. कारण या सगळ्या माहितीचा 'म्हणून बायकांचं डोकं कमकुवत' असा अर्थ काढणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्यात डॉक्टरही होते.

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या सरसकट द्याव्यात का? नाही. २००२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतला सोळा हजारांहून अधिक बायकांवरचा संप्रेरकाच्या गोळ्यांचा मोठा प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण स्तनांचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या पासष्टीपुढच्या बायकांत स्मृतिभ्रंशही जवळजवळ दुप्पट निघाला. जगभर गोळ्यांची धास्ती बसली. पण त्या प्रयोगातल्या सगळ्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं, पाळी जाऊन दहाबारा वर्षं झालेली. विझलेल्या, राख झालेल्या चुलीत तेल ओतणं वेगळं आणि पेटत्या चुलीत वेळेवर सरपण सारणं वेगळं. चूल अजून धगधगती असताना दिलेलं इस्ट्रोजेन मेंदूला उपयोगी पडतं आणि उशिरा दिलेलं नुकसान करतं, असं मानणाऱ्यांत मी आहे. पन्नाशीत पाळी गेलेल्या निरोगी बाईबद्दल हा वाद अजून चालेल. मात्र चाळिशीआधीच अंडाशयं गेलेल्या बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, निदान नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, यावर जगातल्या बहुतेक तज्ज्ञ संस्थांचं एकमत आहे. सहा महिने फडात आणि सहा महिने गावात राहणाऱ्या बाईची गोळी चालू कोण ठेवणार, हे मात्र त्यांच्या कागदांत नाही.

एक खबरदारी इथेच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यात शहरापेक्षा जास्त. याचं सगळं खापर संप्रेरकांवर फोडायचा मोह मला झाला होता. पण त्याच बायका शाळेत कमी गेलेल्या असतात, रक्तक्षय त्यांनाच असतो, रक्तदाब त्यांचाच कुणी मोजलेला नसतो. अंडाशय हा या हिशेबातला एक आकडा आहे. फक्त तो आजवर कुणी लिहूनच घेतला नव्हता.

हिशेबाचंच बोलायचं तर एक मी केला. एक कोयता दिवसाला दीड टन ऊस तोडतो असं धरा. शेकडा दहाच्या उताऱ्यानं त्यातून दीडशे किलो साखर. साखरेचा निम्मा भाग ग्लुकोज. म्हणजे पंचाहत्तर किलो, सहाशेहून जास्त मेंदूंचं एका दिवसाचं इंधन. ते तोडणाऱ्या बाईच्या मेंदूला १२० ग्रॅम लागतं, आणि ते जाळणारा मुकादमच तिच्याकडून काढून घेतलेला असू शकतो.

असू शकतो, असंच म्हणावं लागतं. त्या बाईला मी विचारलं होतं, शस्त्रक्रियेचा कागद आहे का. तिनं कमरेची पिशवी सोडली, प्लॅस्टिकच्या दुसऱ्या पिशवीतून एक घडी काढली. कोपीत पाणी शिरून शाई पसरलेली. वरचं नाव, खालचा शिक्का, मधे तीन ओळी, त्यातली 'अंडाशय' असावी अशी जागा निळी झालेली. ठेवली की काढली, ते तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. मी रक्त घेतलं आणि सांगितलं, परवा ये, रिपोर्ट बघून गोळी लिहून देते. रिपोर्ट आला. मेंदूतून अंडाशयाला हाका मारणारं संप्रेरक इतकं वर गेलेलं होतं की पलीकडून उत्तर येत नाही एवढं नक्की कळत होतं. मुकादमाच्या नंबरावर फोन लावला. त्यांचा त्या फडातला ऊस संपला होता, टोळी आदल्या रात्रीच करमाळ्याकडे हलली होती.